फाळकेंचा ‘राजा हरिश्चंद्र’ खरंच ४० मिनिटांचा होता का?

धुळ्याहून मुंबईला निघालात की नाशिक ओलांडल्यावर पांडवलेण्यांच्या पायथ्याशी फाळके स्मारक लागतं. भारतातला पहिला सिनेमा काढणारे ते हेच, एवढं गाडीतलं कुणीतरी सांगतं आणि गाडी पुढे जाते. मोबाईलवर त्याच सिनेमाची क्लिप आली की मात्र आपण हसतो. राजा असो की राणी, सगळे तुरुतुरु पळताना दिसतात.

पण तेव्हाची माणसं काही अशी चालत नव्हती.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० चा, त्र्यंबकेश्वरचा. फोटोग्राफी, छपाई असं बरंच करून झालं. १९११ साली मुंबईत ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट बघितला आणि सिनेमाचं वेड लागलं. १९१२ मध्ये लंडनला जाऊन त्यांनी विल्यमसन कॅमेरा मिळवला.

भांडवल द्यायला कुणी तयार होईना. मग गड्याने काय केलं, तर कुंडीत वाटाणा लावला आणि महिनाभर थांबत थांबत त्याच्या फ्रेम घेतल्या. पडद्यावर बी डोळ्यांदेखत फुटून वेल झाली. फ्रेम कोणत्या वेगाने घ्यायच्या आणि कोणत्या वेगाने दाखवायच्या, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे फाळकेंना तेव्हाच नीट कळलेलं होतं.

३ मे १९१३ ला ‘राजा हरिश्चंद्र’ मुंबईच्या कोरोनेशनमध्ये लागला. कॅमेऱ्याचं हँडल हाताने फिरवत होते त्र्यंबक तेलंग. कच्च्या फिल्मला कडेने भोकं पाडण्यापासून ती धुण्यापर्यंतच्या कामात पत्नी सरस्वतीबाई होत्या. (पोस्टरवर नाव नसलेली टेक्निशियन म्हणा.)

आता हिशेब बघा. हातकॅमेऱ्याचा वेग साधारण सेकंदाला १६ फ्रेम. एक फूट फिल्ममध्ये १६ फ्रेम मावतात, म्हणजे सेकंदाला एक फूट. नोंदीत सिनेमाची लांबी ३,७०० फूट आहे. म्हणजे तो तासाभराचा होतो. तीच फिल्म २४ च्या वेगाने पळवली तर ४१ मिनिटांत संपते. नेटवर जागोजागी जे ४० मिनिटं लिहिलेलं असतं, ते या दुसऱ्या हिशेबाशी जुळतं.

हे २४ आले बोलपटाबरोबर. १४ मार्च १९३१ ला ‘आलम आरा’ आला. १९३२ मध्ये प्रभातने ‘अयोध्येचा राजा’ काढला. गोष्ट तीच, फाळकेंच्या हरिश्चंद्राची, पण आता राजा बोलत होता. मूकपटात हँडल थोडं हळू-जलद झालं तरी चालून जायचं. आवाजाला तसं चालत नाही, वेग हलला की गळा बदलतो.

फाळके नेमके तेव्हा ‘सेतुबंधन’ हा मूकपट करत होते. त्याला नंतर आवाज जोडावा लागला.

आज तुमच्या एडिटमध्ये ओठ आणि आवाज जुळत नाहीत, तेव्हा भानगड याच जातीची असते. आपला टीव्ही २५ फ्रेमचा. २४ चा सिनेमा वेग वाढवून २५ वर नेला तर तासाचं चित्र ५७ मिनिटं ३६ सेकंदांत संपतं. आवाज तसाच ठेवला तर शेवटी तो २ मिनिटं २४ सेकंद मागे पडतो. म्हणून आवाजही त्याच प्रमाणात आखडायचा. नाहीतर वेळ तेवढाच ठेवून सेकंदाला एक जादा फ्रेम भरायची आणि आवाजाला हात लावायचा नाही. फरक पहिल्यापासून सारखाच असेल तर आवाज नुसता सरकवा. वाढत जात असेल तर गडबड वेगात आहे.

फाळकेंनी बोलपट म्हणून काढलेला सिनेमा एकच, १९३७ चा ‘गंगावतरण’, कोल्हापूर सिनेटोनसाठी. तेव्हा वय ६७ च्या आसपास. १६ फेब्रुवारी १९४४ ला नाशिकमध्ये ते गेले.

पुढच्या वेळी पळणारी क्लिप आली तर प्लेअरचा स्पीड ०.७५ करून बघा, खरा आकडा ०.६७ च्या जवळ आहे. खाली कुणी लावलेलं म्युझिक तेवढं म्यूट करा, ते रडायला लागेल.