मार्चअखेर आणि नाथषष्ठी

जालन्याहून पैठण काही लांब नाही. अंबड गेले, पाचोड गेले की पैठण. १ मे १९८१ रोजी जालना जिल्हा वेगळा झाला, तोपर्यंत दोन्ही गावे एकाच औरंगाबाद जिल्ह्यात होती. तरीही नोकरीच्या चौतीस वर्षांत मला एकदाही नाथषष्ठीला जाता आले नाही. कारण अगदी साधे आहे. फाल्गुन वद्य षष्ठी बहुतेक वेळा मार्चमध्ये येते आणि मी लेखा शाखेत होते. मार्चमध्ये लेखा शाखेतल्या माणसाने रजा मागणे म्हणजे पेरणीच्या दिवशी शेतकऱ्याने पाहुणा म्हणून जाण्यासारखे. गल्लीतल्या बायका दिंडीला निघायच्या आणि मी डबा घेऊन कचेरीला.

त्या वर्षांत मी एकनाथांचे चरित्र मात्र पुन्हा पुन्हा वाचले. भक्तीने म्हणावे तर तसेही नाही. घर, कचेरी, देवघर, दारात आलेला पाहुणा आणि त्यातून लिहायला वेळ काढणारा दुसरा माणूस मला मराठीत सापडला नाही, म्हणून वाचले. आमच्या जिल्ह्याचे संत म्हणजे समर्थ रामदास. घनसावंगी तालुक्यातल्या जांबेला १६०८ साली जन्मले आणि लग्नाच्या बोहल्यावरून निघून गेले. त्यांचे थोरले बंधू गंगाधरपंत घरी राहिले, आईला सांभाळले, संसार केला, ग्रंथही लिहिले. पण जांबेला जाणाऱ्या किती जणांना त्यांचे नाव ठाऊक असते? निघून जाणाऱ्याची गोष्ट होते, राहणाऱ्याची सहसा होत नाही. एकनाथ हे राहणाऱ्यांतले, आणि तरी त्यांची गोष्ट झाली.

एकनाथांचा जन्म पैठणचा, १५३३ च्या सुमाराचा. विजयनगरहून विठ्ठलाची मूर्ती पंढरपूरला परत आणली असे ज्यांच्याविषयी सांगतात, त्या भानुदासांचे हे पणतू. वडील सूर्यनारायण आणि आई रुक्मिणी दोघेही एकनाथांच्या बालपणीच गेले. आजोबा चक्रपाणी आणि आजी यांनी नातवाला वाढवले. बारा वर्षांचा असेल-नसेल तेव्हा हा मुलगा कोणाला न सांगता घरातून निघाला आणि देवगिरीला पोचला. म्हणजे तोही आधी निघूनच गेला होता. फरक एवढाच की तो जंगलात गेला नाही, एका कचेरीत जाऊन थांबला.

देवगिरी तेव्हा अहमदनगरच्या निजामशाहीकडे होती आणि किल्लेदार होते जनार्दनस्वामी, मूळचे चाळीसगावचे. मुसलमान राजवटीचा हिंदू अधिकारी, दत्ताचा उपासक, हाताखाली शिबंदी, डोक्यावर हिशेबाचा भार. गुरुवारी गडावरच्या कचेरीला सुटी असे, अशी परंपरा आहे. आजच्या कोणत्याही नोकरदाराला हा माणूस ओळखीचा वाटावा. सकाळची पूजा आटोपून कचेरीत बसायचे, संध्याकाळी दप्तर बांधून ठेवायचे, आणि दोन्हींपैकी कशाचीही लाज वाटू द्यायची नाही. एकनाथांनी अशा गुरूची सेवा केली. पाणी भरले, झाडलोट केली, पूजेची तयारी ठेवली आणि जनार्दनपंतांच्या दप्तरातले हिशेबही सांभाळले. एकदा स्वामी समाधीत असताना गडावर हल्ला झाला, तेव्हा गुरूचे चिलखत चढवून हा शिष्य लढायला उतरला, अशीही कथा आहे. ती खरी-खोटी कशीही असो, साहेब जागेवर नसताना त्यांचे काम अडू न देणारा कारकून मी तरी पाहिलेला आहे.

आता ती प्रसिद्ध हिशेबाची गोष्ट. एका रात्री जमाखर्चाचा मेळ बसेना. कोणी म्हणते पैचा फरक होता, कोणी म्हणते अधेल्याचा. रक्कम नगण्य. पण एकनाथ दिव्याच्या उजेडात वह्या उलटत बसले. तेल संपत आले, पहाट होऊ लागली आणि चूक सापडली. पोराने आनंदाने टाळ्या पिटल्या. जनार्दनस्वामी दारातून पाहत होते. एवढ्याशा चुकीचा शोध लागला तर इतका आनंद, मग संसाराची मोठी चूक सापडली तर केवढा होईल, या अर्थाचे काही ते बोलले. तेथून एकनाथांचे चित्त फिरले, असे महिपतींपासून आजच्या कीर्तनकारांपर्यंत सगळे सांगतात.

कीर्तनात या गोष्टीचा रोख असा असतो की हिशेब क्षुद्र आणि परमार्थ थोर. माझे मन ते मानत नाही. चौतीस वर्षे मीही फरक शोधले. नवीन मुलींना मी पहिल्यांदा एकच युक्ती शिकवत असे. फरकाला नवाने भाग जातो का पाहा. जात असेल तर बहुधा कोणीतरी आकडे उलटे मांडले आहेत. असल्या गोष्टी शिकायला अर्धे आयुष्य जाते आणि त्यांचे बाहेर कोणाला कौतुक नसते. मला वाटते, जनार्दनस्वामींनी त्या रात्री हिशेबाला कमी लेखले नाही. कोणी बघत नसताना अधेल्यासाठी जो रात्र जागतो, त्याच्यावर मोठी गोष्ट सोपवायला हरकत नाही, एवढे त्यांनी ओळखले असावे.

याला माझ्याकडे एक पुरावाही आहे. १५८४ साली, म्हणजे शके १५०६ मध्ये, एकनाथांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. ज्ञानदेवांना जाऊन तोवर तीनशेच्या आसपास वर्षे लोटली होती. लिहिणाऱ्यांच्या हातून पाठ बिघडले होते, कोणी आपल्या पदरच्या ओव्या घातल्या होत्या. नाथांनी प्रती समोर ठेवून ओवी ओवी ताडून पाहिली आणि पुढे कोणी यात भर घालू नये अशी ताकीद देऊन ठेवली. ही आमची लेखा शाखाच नाही तर काय? प्रतीवर प्रत ठेवायची, फरक शोधायचा, स्वतःचे काही मिसळायचे नाही. देवगिरीच्या कचेरीतला तो मुलगा पन्नाशीतही तोच होता, फक्त वही बदलली होती. कचेरीची भाषाही त्यांनी टाकली नाही. त्यांच्या रचनांत अर्जदस्त आहे, ताकीदपत्र आहे, अभयपत्र आहे. सरकारी कागदाचा मायना घेऊन त्यात त्यांनी जिवाशिवाचा मजकूर भरला. फारसी वळणाची ती दप्तरी मराठी वाचताना मला माहेरी आल्यासारखे वाटते.

देवगिरीनंतर शूलिभंजनच्या डोंगरावर तप, मग तीर्थयात्रा. इकडे म्हातारे आजी-आजोबा नातवाचा शोध घेत होते. शेवटी आजोबांनी जनार्दनस्वामींकडून पत्रच आणले. एकनाथ पैठणजवळ भेटले. पत्रात आज्ञा होती की हे वाचशील तेथेच राहा, लग्न कर, संसार कर. नाथ तेथेच थांबले. बदलीचा हुकूम निमूटपणे घेणारी माणसे मी पाहिली आहेत, पण राहण्याचा हुकूम असा पाळणारा विरळा.

गिरिजाबाईंशी लग्न झाले. गंगा, गोदावरी या मुली आणि हरिपंडित हा मुलगा. कवी मुक्तेश्वर हे त्यांच्या मुलीचे पुत्र. चरित्रकार नाथांचा दिवस मोठ्या प्रेमाने वर्णन करतात. पहाटे गोदेचे स्नान, पूजा, ग्रंथवाचन, दुपारी अतिथींसह भोजन, मग पुराण, रात्री कीर्तन. वाचायला हे फार गोड वाटते. पण अतिथींसह भोजन या दोन शब्दांच्या मागे चूल असते. मध्यरात्री पावसात भिजून पाहुणे आले, घरात कोरडे सरपण नव्हते, तेव्हा नाथांनी पलंग मोडून जाळायला दिला, असे सांगतात. पलंग नाथांनी मोडला, ठीक. स्वयंपाक कोणी केला? श्राद्धाच्या दिवशी पक्वान्नांच्या वासाने दाराबाहेर थांबलेल्या, अस्पृश्य मानलेल्या भुकेल्या माणसांना नाथांनी ते सगळे अन्न वाढले. ब्राह्मणांसाठी गिरिजाबाई पुन्हा पहिल्यापासून चुलीपुढे बसल्या. ब्राह्मण तरीही रुसून गेलेच. चारशे वर्षे या गोष्टीत नाथांची करुणा सांगितली जाते आणि ती होतीच, तिला पैठणात किंमतही मोजावी लागली. पण दुसऱ्यांदा डाळ शिजवणाऱ्या बाईचीही ती गोष्ट आहे, हे कीर्तनात मी क्वचित ऐकले.

नाथांना राग आणण्याची पैज लावून आलेल्या माणसाचीही कथा आहे. नाथ चिडेनात, म्हणून जेवण वाढायला वाकलेल्या गिरिजाबाईंच्या पाठीवर तो चढून बसला. पडेल बरं का, सांभाळ, असे नाथांनी बजावले, तर त्या हसल्या. हरीला पाठीवर घेऊन कामे करायची सवयच होती. या घरातली शांती एकट्या नाथांची नव्हती. घरचे सगळे व्यवहार पाहणारा उद्धव होता. बारा वर्षे कावडीने पाणी भरणारा आणि गंध उगाळणारा श्रीखंड्या होता. तो प्रत्यक्ष द्वारकेचा कृष्ण होता हे तो गेल्यावर कळले, असे भाविक मानतात. मला त्या कथेतले कळणे उशिराचे आहे, हे लागते. बारा वर्षे पाणी आयते मिळाले आणि भरणारा कोण हे विचारायला कोणाला सुचले नाही.

नाथांना स्वतःला मात्र सुनेच्या जिवाची घालमेल ठाऊक असणार. सासू, सासरा, नणंद यांना घेऊन जा म्हणून देवीला नवस बोलणारी सून त्यांच्या भारुडात आहे. अर्थ अध्यात्माचा आहे, पण तोंड अस्सल घरातले आहे. घरात न राहणाऱ्याला ते लिहिता आले नसते.

या घरात राहून त्यांनी लिहिले. भागवताच्या एकादश स्कंधावरची टीका पैठणला सुरू झाली. संस्कृतातले ज्ञान मराठीत आणतो म्हणून काशीच्या पंडितांनी बोलावणे धाडले, आणि तो ग्रंथ काशीतच १५७३ साली कार्तिकी पौर्णिमेला पूर्ण झाला. ज्यांनी हरकत घेतली त्यांनीच पुढे गौरव केला. घरातली हरकत अधिक अवघड होती. मुलगा हरिपंडित याला वडिलांचे मराठी पुराण आणि दुसऱ्याघरचे जेवण मान्य नव्हते. तो काशीला निघून गेला. नाथ स्वतः समजूत काढायला गेले आणि त्याच्या अटी मान्य करून त्याला परत घेऊन आले. काही दिवस पैठणचे मराठी कीर्तन बंद पडले. पुढे मुलाचे मन पालटले, पण बापाने आधी हार पत्करली होती हे मला मोठे वाटते.

प्रत्येक रचनेत स्वतःच्या नावाला त्यांनी गुरूचे नाव जोडले. ‘एका जनार्दनी’ ही त्यांची मुद्रा. भागवताच्या आरंभी भानुदासांपासून आईवडिलांपर्यंत सगळ्यांचे ऋण मांडले आहे. जमेची बाजू आधी लिहायची, हे हिशेबनिसाचे वळण. १५९९ साली फाल्गुन वद्य षष्ठीला नाथांनी गोदावरीत देह ठेवला. जनार्दनस्वामींचा जन्म, त्यांना झालेला दत्तानुग्रह, नाथांशी त्यांची भेट आणि त्यांचे निर्याण हेही सारे याच तिथीचे, असे परंपरा मानते. भावार्थ रामायणाचे युद्धकांड अर्धे राहिले होते. पुरणपोळीसाठी नाथांच्या घरी राहिलेल्या गावबाने ते पुरे केले. मोठमोठे शिष्य सोडून हे काम त्याच्याकडे आले, याची मला नेहमी गंमत वाटते.

मार्च २०१३. जालन्यात पाणी नव्हते. घाणेवाडीचा तलाव आटला होता आणि गल्लीत टँकर येईल तेव्हा येई. त्या वर्षी होळीच मार्चच्या अखेरीला आली, म्हणजे षष्ठी एप्रिलवर गेली. एकदाची रजा मिळाली असती, पण घर सोडून जायचे कसे? एका रात्री कचेरीत दोनशे सत्तर रुपयांचा फरक निघाला. अकरा वाजता सापडला. ५८१ च्या जागी कोणीतरी ८५१ लिहिले होते. टाळ्या पिटल्या नाहीत, पण तसाच आनंद झाला. घरी आले तर सासूबाई ओट्यावर बसलेल्या. शेजारी दोन ड्रम आणि सहा घागरी, सगळ्या भरलेल्या. टँकर दहाला येऊन गेला होता. वय पंचाहत्तर, गुडघे गेलेले. मी त्यांना उत्साहाने त्या दोनशे सत्तर रुपयांची गोष्ट सांगितली. त्यांनी ती सगळी ऐकून घेतली, सापडला ना, बरे झाले म्हणाल्या आणि माझे ताट वाढायला उठल्या. पाण्याविषयी मी काही बोलले नाही. सवयीने बोलले नाही. दोन वर्षांनी त्या गेल्या. त्या आजारपणात मी रजा घेतली, सेवा केली, सगळे केले, तेवढे बोलायचे राहून गेले.

पुढे जायकवाडीचे पाणी जालन्याच्या नळाला आले. त्या जलाशयाचे नाव नाथसागर.

निवृत्तीनंतरच्या पहिल्या मार्चमध्ये मी षष्ठीला गेले. पैठणला नाथांच्या वाड्यात तो रांजण आहे, श्रीखंड्या भरत असे म्हणतात तो. तुकाराम बीजेपासून भाविक त्यात पाणी ओततात. कोणाच्या तरी घागरीने तो भरून वाहू लागतो, तेव्हा देव पाणी भरून गेला असे समजतात. माझ्यापुढे लांब रांग होती. एका बाईने आपली घागर मला धरायला दिली आणि पदर खोचला. तिची झाल्यावर मी माझी ओतली. रांजण भरला नव्हता. मागच्या बाईला जागा करून देऊन मी बाजूला झाले.