सुगरणीचा खोपा विणतो नर. किहीमला बसून सलीम अलींनी केला उलगडा

अलिबाग (वार्ताहर) : विहिरीवरच्या शिंदीला लोंबणारे सुगरणीचे खोपे आपण लहानपणापासून बघतो. नाव बाईचं, म्हणून खोपा मादीच विणते असं बहुतेकांना वाटतं. खरं तर विणकर असतो नर. या पाखराचा संसार बारकाईने अभ्यासणारा माणूस आपल्याच तालुक्यात, किहीमला राहून गेला. पक्षीतज्ज्ञ डॉ. सलीम अली.

१२ नोव्हेंबर १८९६ ला मुंबईत त्यांचा जन्म. आईवडील लहानपणीच गेले, मामांनी वाढवलं. पोरवयात छर्‍याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही कुठली चिमणी, हे विचारायला ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले आणि तिथूनच पाखरांचा नाद लागला.

पुढे म्युझियममध्ये नोकरी मिळाली. शिकायला जर्मनीला गेले. १९३० ला परत येतात तर नोकरीच उरलेली नाही! मग पत्नी तेहमिना यांच्यासह ते किहीमला येऊन राहिले. घराजवळ सुगरणींची वसाहत होती. दुसरा कोणी हातपाय गाळून बसला असता, हे पाखरं बघत बसले.

काय दिसलं? नर भाताच्या पातीला चोचीने खाच पाडतो, उडता उडता तिची लांब चीर ओढून काढतो आणि खोपा विणायला घेतो. खोपा अर्धा झाला की माद्या पाहणीला येतात. पसंत पडला तर मादी तिथे राहते. मग नर खाली लांब नळी विणून खोपा पुरा करतो. मादी अंडी उबवायला बसली, की गडी दुसरा खोपा बांधायला मोकळा! नापसंत खोपे तसेच अर्धवट लोंबत राहतात. १९३१ ला त्यांनी हे सगळं लिहून छापलं.

१९४१ ला त्यांचं भारतीय पक्ष्यांवरचं पुस्तक आलं, १९७६ ला पद्मविभूषण मिळालं. २० जून १९८७ ला ते गेले. राज्यात ५ ते १२ नोव्हेंबर पक्षी सप्ताह पाळतात, त्याचा शेवटचा दिवस म्हणजे त्यांची जयंती.

माझ्या विहिरीवर दोन शिंदी आहेत. भात तयार झालं की सुगरणी दाणे खातात, ते खोटं नाही. म्हणून शिंदी तोड, असं शेजारी सांगतात. पण हीच पाखरं पिलांना किडे-अळ्या भरवतात. ते किडे आपल्याच शेतातले. आजूबाजूला प्लॉट पडतायत, विहिरी बुजतायत, शिंदी जातायत. खोपा बांधायला पाखराने जायचं कुठे?

माझ्या शिंदी मी ठेवल्यात. तुमच्या बांधावर असेल, तर निदान पिलं उडेपर्यंत तिला कोयता लावू नका.