विश्लेषण : डिशवॉशरमध्ये प्रत्येक भांड्याला ‘जागा’ देणाऱ्या जोसेफिन कॉक्रेन कोण होत्या?

डिशवॉशरमध्ये ताटल्या खाचेत उभ्या, वाट्या पालथ्या आणि चमचे सुटे ठेवावे लागतात. ही रचना ज्या कल्पनेवर उभी आहे, तिचे पेटंट एका अमेरिकी विधवेने १८८६ मध्ये मिळवले. कर्जाचा डोंगर समोर असताना तिने हा उद्योग उभा केला.

सुरुवात कशी झाली?

जोसेफिन यांचा जन्म १८३९ मध्ये ओहायो राज्यात झाला. वडील अभियंता होते, मात्र जोसेफिन यांना अभियांत्रिकीचे शिक्षण मिळाले नाही. एकोणिसाव्या वर्षी व्यापारी विल्यम कॉक्रन यांच्याशी विवाह होऊन त्या इलिनॉय राज्यातील शेल्बीव्हिल येथे स्थिरावल्या. घरी मेजवान्या होत. नोकरांच्या हातून चिनी मातीच्या जुन्या, मौल्यवान ताटल्यांचे टवके उडू लागले. तेव्हा हे काम यंत्राने करता येईल का, याचा विचार त्यांनी सुरू केला.

छंदाचा व्यवसाय का झाला?

१८८३ मध्ये पतीचे निधन झाले. मागे थोडी रोकड आणि बरेच कर्ज उरले. आता यंत्र ही हौस राहिली नाही, तर पोटापाण्याचा प्रश्न झाला. घरामागच्या लाकडाच्या शेडमध्ये जॉर्ज बटर्स या मेकॅनिकच्या मदतीने त्यांनी यंत्र बनवले. २८ डिसेंबर १८८६ रोजी त्याचे पेटंट मिळाले.

वेगळेपण काय होते?

भांडी धुण्याची यंत्रे त्याआधीही होती. १८५० मध्ये जोएल हॉटन यांनी लाकडी यंत्राचे पेटंट घेतले होते. त्यात हाताने चाक फिरवून भांड्यांवर पाणी उडवले जाई. कॉक्रेन यांनी आधी भांड्यांची मापे घेतली. ताटली, कप आणि बशी यांच्यासाठी तारांचे वेगवेगळे कप्पे केले. हे कप्पे तांब्याच्या बॉयलरमधील चाकावर बसवले. चाक फिरताना साबणाचे गरम पाणी जोराने भांड्यांवर पडे. घासण्याऐवजी पाण्याच्या दाबाने भांडी स्वच्छ होत आणि जागच्या जागी घट्ट बसल्याने एकमेकांवर आपटत नसत.

ग्राहक कोण होते?

शिकागोतील पामर हाउस आणि शर्मन हाउस ही हॉटेले सुरुवातीच्या ग्राहकांपैकी होती. प्रतिष्ठित घरातील स्त्रीने एकटीने हॉटेलात जाणेही तेव्हा रूढ नव्हते. तरीही विक्रीसाठी त्या स्वतः गेल्या. १८९३ च्या शिकागो जागतिक प्रदर्शनात यंत्राला पारितोषिक मिळाले आणि तेथील उपाहारगृहांतही ते वापरले गेले. घरांमध्ये मात्र ते पोहोचले नाही. यंत्र मोठे व महाग होते आणि त्याला लागेल इतके गरम पाणी बहुतेक घरांत नसे. १९१३ मध्ये कॉक्रेन यांचे निधन झाले. त्यांची कंपनी पुढे होबार्ट कंपनीने घेतली. १९४९ मध्ये ‘किचनएड’ नावाने घरगुती डिशवॉशर बाजारात आला.

आज भांडी लावताना काय लक्षात ठेवावे?

आजच्या बहुतेक यंत्रांत कप्पे स्थिर असतात आणि पाण्याचे फवारे सोडणारे पाते फिरते. तत्त्व मात्र तेच आहे : जिथे पाणी पोहोचत नाही, तिथे भांडे निघत नाही. म्हणून ताटल्यांची उष्टी बाजू फवाऱ्याकडे असावी. वाट्या आणि पेले पालथे ठेवावेत. चमचे एकमेकांत अडकू देऊ नयेत आणि सुऱ्यांची टोके खाली असावीत. कढई आडवी पसरली तर वरच्या भांड्यांचे पाणी अडते. लांब दांड्याचा डाव खाली आला तर पातेच थांबते. म्हणून यंत्र सुरू करण्यापूर्वी पाते हाताने एकदा फिरवून पाहावे. लाकडी पोळपाट-लाटणे आणि लोखंडी तवा मात्र हातानेच धुवावा, कारण लाकूड फुगून तडकते आणि लोखंड गंजते.