ग्रॅहॅम बेल यांचा मेटल डिटेक्टर आणि खाऱ्या पाण्याचा प्रश्न

बीचवर चालेल असा मेटल डिटेक्टर कोणता, असा प्रश्न आला की लोक थेट मॉडेलची नावं मागतात. नावं मी खाली देतोच. पण ओल्या वाळूत मशीन आपल्याला कसं फसवतं हे कळायचं असेल, तर मला वाटतं आधी एका माणसाच्या आयुष्यातला १८८१ चा उन्हाळा बघायला हवा. तो माणूस म्हणजे अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल. टेलिफोनमुळे त्यांना सगळेच ओळखतात. माणसाच्या शरीरात अडकलेली बंदुकीची गोळी शोधायला त्यांनी मेटल डिटेक्टर बनवला होता, हे मात्र फार कमी जणांना माहीत असतं.

आवाजाच्या घरातला मुलगा

बेल यांचा जन्म ३ मार्च १८४७ चा, स्कॉटलंडमधल्या एडिनबराचा. आजोबा आणि वडील दोघेही शुद्ध बोलणं शिकवणारे. बोलताना ओठ, जीभ, घसा कसे हलतात ते चिन्हांनी दाखवणारी एक लिपीच वडिलांनी तयार केली होती. आईला जवळजवळ ऐकू येत नसे. म्हणजे आवाज कसा तयार होतो आणि तो पोहोचला नाही तर काय होतं, या दोन्ही गोष्टी पोराने घरातच पाहिल्या.

दोन्ही भाऊ क्षयाने गेले, एक १८६७ मध्ये आणि दुसरा १८७० मध्ये. उरलेला मुलगा तरी वाचावा म्हणून आईवडील त्याला घेऊन कॅनडाला, ब्रँटफर्डजवळ राहायला गेले. पुढच्याच वर्षी बेल बोस्टनमध्ये कर्णबधिर मुलांना शिकवू लागले. मेबल हबर्ड ही त्यांची विद्यार्थिनी. लहानपणी स्कार्लेट फिव्हर झाल्यामुळे तिचं ऐकणं गेलं होतं. ११ जुलै १८७७ ला दोघांचं लग्न झालं.

टेलिफोनची गोष्ट मी इथे लांबवत नाही. ७ मार्च १८७६ ला पेटंट मिळालं, मग कोर्टात शेकडो दावे चालले आणि पैसाही आला. आपल्या कामासाठी महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. टेलिफोनच्या तारेत शेजारच्या तारांचा गोंगाट शिरायचा. तो घालवण्यासाठी बेल कॉइलच्या जोड्या अशा मांडून बघत होते, की एकीतला नको असलेला करंट दुसरीतल्या करंटने मारला जावा. अशी जोडी नीट जमली की रिसीव्हरमध्ये शांतता व्हायची, आणि जवळ धातूचा तुकडा आला की शांतता मोडायची. हे तेव्हा बाजूलाच राहिलं. १८७९ मध्ये डेव्हिड ह्यूज यांनी याच तत्त्वावरचं इंडक्शन बॅलन्स नावाचं उपकरण लोकांसमोर आणलं.

१८८० मध्ये फ्रान्सने बेलना ५०,००० फ्रँकचं व्होल्टा पारितोषिक दिलं. त्या पैशातून त्यांनी वॉशिंग्टनमध्ये प्रयोगशाळा उघडली.

गोळी कुठे आहे?

२ जुलै १८८१. वॉशिंग्टनच्या रेल्वे स्टेशनवर चार्ल्स गिटो नावाच्या माणसाने अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जेम्स गारफिल्ड यांच्यावर गोळ्या झाडल्या. एक गोळी पाठीत उजव्या बाजूने शिरली आणि आत कुठेतरी राहिली. एक्स-रेचा शोध लागायला अजून १४ वर्षं होती. डॉक्टर काय करत होते, तर न धुतलेली बोटं आणि सळ्या जखमेत घालून गोळी चाचपत होते.

बेलना ती जुनी कॉइलची जोडी आठवली. मेबल तेव्हा बोस्टनमध्ये होती आणि गरोदर होती. बेल वॉशिंग्टनमध्ये राहिले आणि सहकारी टेंटर यांच्याबरोबर रात्रंदिवस कामाला लागले. यादवी युद्धात लागलेल्या गोळ्या अजून शरीरात घेऊन फिरणाऱ्या जुन्या सैनिकांवर त्यांनी यंत्र तपासून पाहिलं. ते चाललं.

यंत्र कसं होतं? एका कॉइलमधून तुटक तुटक करंट सोडायचा. दुसरी कॉइल टेलिफोनच्या रिसीव्हरला जोडायची. दोन्ही चपट्या कॉइल एकमेकींवरून थोड्या थोड्या सरकवत न्यायच्या. एक जागा अशी येते की पहिलीचा परिणाम दुसरीत शून्य होतो आणि रिसीव्हर गप्प होतो. आता जवळ धातू आला की त्या धातूत स्वतःचे भोवऱ्यासारखे करंट फिरतात, तोल बिघडतो, आवाज येतो. आजच्या डिटेक्टरवर डीडी कॉइल असं लिहिलेलं दिसतं ना, तिथेही दोन कॉइल अशाच एकमेकींवर थोड्या चढवलेल्या असतात. म्हणजे आजही आपण बेलचीच मांडणी हातात धरून फिरतो.

२६ जुलैच्या संध्याकाळी व्हाइट हाउसमध्ये पहिली तपासणी झाली. रिसीव्हरमध्ये नुसती खरखर. कंडेन्सर चुकीचा जोडला गेला होता. १ ऑगस्टला बेल पुन्हा गेले. या वेळी यंत्र ठीक होतं, पण मंद आवाज एका जागी न येता बऱ्याच मोठ्या भागावर येत राहिला. प्रमुख डॉक्टर ब्लिस यांचं मत आधीच ठरलेलं होतं, की गोळी उजवीकडेच आहे. तपासणीही त्यांनी तिथेच करू दिली, आणि त्या मंद आवाजाने आपलंच म्हणणं खरं ठरलं असं धरून चालले.

दुसऱ्या दिवशी बेलना कळलं, की राष्ट्राध्यक्षांच्या गादीखाली पोलादी तारांची आणखी एक गादी होती. रुग्ण धातूवरच झोपला होता.

१५ ऑगस्टला मेबलला वेळेआधी मुलगा झाला. त्याला नीट श्वास घेता येईना, काही तासांतच तो गेला. १९ सप्टेंबरला गारफिल्डही गेले. शवविच्छेदनात गोळी डाव्या बाजूला, स्वादुपिंडामागे सापडली. ती इतकी खोल होती की तारांची गादी नसती तरी यंत्राची बहुतेक कसोटीच लागली असती. आणि जीव गोळीने नाही, जखमेत शिरलेल्या जंतूंनी घेतला, असंच आज बहुतेक जाणकार मानतात.

आता गादीच्या जागी समुद्र ठेवा

खारं पाणी वीज वाहून नेतं. त्यामुळे ओली वाळू म्हणजे डिटेक्टरच्या दृष्टीने कॉइलखाली पसरलेला एक भला मोठा, पातळ धातू. बेलना ऐकू आला तसाच मंद आवाज, सगळीकडून. त्यातही वाईट म्हणजे मिठाचा हा सिग्नल चांदीच्या कागदासारखा किंवा बारीक सोन्यासारखा दिसतो. आपण शोधतो त्याच्यासारखा! काळी वाळू असेल तर दुसरी भानगड. तिच्यातले लोहयुक्त कण वेगळ्या प्रकारचा सिग्नल देतात. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर इल्मेनाइटची काळी वाळू आहे, तेव्हा कोकणात मशीन नेणाऱ्याला दोन्ही एकदम भेटू शकतात.

एकाच फ्रिक्वेन्सीवर चालणारं मशीन जमिनीचा एकच प्रकारचा सिग्नल वजा करू शकतं. मीठ वजा करा, काळी वाळू ओरडते. काळी वाळू वजा करा, मीठ ओरडतं. कोरड्या वाळूवर ही मशीन छान चालतात, लाटा लागतात तिथे गेलं की रडायला लागतात. मग सेन्सिटिव्हिटी कमी करावी लागते आणि खोली जाते. इथे एक गोष्ट नीट वाचा: वॉटरप्रूफ आणि खाऱ्या पाण्यात चालणारं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गॅरेटचं एटी प्रो १० फूट पाण्यात बुडवता येतं, पण ते १५ किलोहर्ट्झ या एकाच फ्रिक्वेन्सीचं मशीन आहे. नदी-तळ्यासाठी उत्तम, समुद्रासाठी मी ते घेणार नाही.

मल्टी-फ्रिक्वेन्सी मशीन एकाच वेळी अनेक फ्रिक्वेन्सी सोडतं, प्रत्येकीवर मीठ कसं दिसतं आणि धातू कसा दिसतो याची तुलना करतं, आणि मीठ व वाळू दोन्ही बाजूला काढतं. मिनेलॅबचं इक्विनॉक्स ९०० किंवा नोक्टाचं लेजंड ही अशी मशीन. पहिलं ५ मीटरपर्यंत चालतं, दुसरं ३ मीटरपर्यंत. गुडघाभर, कमरेएवढ्या पाण्यात फिरणाऱ्याने यांच्यापैकीच काहीतरी घ्यावं, असं माझं स्पष्ट मत.

तिसरा प्रकार पल्स इंडक्शन. यात कॉइल एक जोरदार झटका देते, मग काही मायक्रोसेकंद गप्प बसते आणि मागे काय उरलंय ते ऐकते. मिठाचा प्रतिसाद चटकन विरतो, अंगठीतला टिकतो. खोली जबरदस्त मिळते. पण हा सोनं आणि गंजका खिळा यांत फारसा फरक करत नाही, सगळं खणावं लागतं. बारीक साखळ्याही निसटतात. गॅरेटचं सी हंटर मार्क टू या जातीचं, २०० फूट खोल नेता येणारं. डायव्हिंग करणाऱ्यांसाठी ठीक. कचऱ्याने भरलेल्या गर्दीच्या बीचवर दिवसभर बाटलीची झाकणं उकरायची हौस असेल तर तुमची मर्जी.

हेडफोन पाण्यात चालणारेच घ्या, ब्लूटूथ पाण्याखाली जात नाही. घरी आल्यावर गोड्या पाण्याने धुणं कंटाळा न करता करा. आणि आपल्याकडे १८७८ चा ट्रेझर ट्रोव्ह कायदा अजून लागू आहे: जमिनीत दडलेलं १० रुपयांपेक्षा जास्त किमतीचं धन सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. संरक्षित किल्ल्यांच्या आवारात तर मशीन बाहेरच काढू नका.

नंतरचे बेल

गारफिल्ड गेल्यावरही बेलनी ते काम सोडलं नाही. १८८२ मध्ये त्यांनी या प्रयोगांवर सविस्तर निबंध वाचला. धातूला टेकली की टेलिफोनमध्ये आवाज देणारी सुईही त्यांनी तयार केली, आणि एक्स-रे येईपर्यंत डॉक्टर ती वापरत होते. मुलाच्या मृत्यूनंतर त्यांनी छातीभोवती बसवायचं, हवेच्या दाबाने श्वास चालवणारं धातूचं जाकीट बनवलं. १८८३ मध्ये झालेला दुसरा मुलगाही तान्हेपणीच गेला. दोन मुली मात्र मोठ्या झाल्या.

सगळंच कौतुकाचं नव्हतं. कर्णबधिरांनी खुणांची भाषा सोडून ओठ वाचावेत आणि बोलावं, हा त्यांचा हट्ट कर्णबधिर समाजातल्या अनेकांना आजही खुपतो, आणि मला तो राग रास्त वाटतो.

पुढची वर्षं त्यांनी कॅनडात नोव्हा स्कोशियातल्या बॅडेक गावाजवळ, ब्रा दोर नावाच्या खारट सरोवराकाठी बरीच काढली. समुद्रात अडकलेल्या खलाशांना पिण्याचं पाणी कसं मिळवता येईल याचे प्रयोग केले. १९१९ मध्ये त्यांची एचडी-४ ही पाण्यावर उचलली जाणारी बोट याच सरोवरावर ताशी ७० मैलांहून जास्त वेगाने धावली. २ ऑगस्ट १९२२ ला, वयाच्या ७५ व्या वर्षी बेल तिथेच गेले. दफन झालं ते सरोवरावर नजर टाकणाऱ्या त्यांच्याच डोंगरावर.