बोटीचं गाव कुठलं?

बारावीनंतर गाव सोडून पुण्याला, मुंबईला किंवा नागपूरला आला असाल, तर हा प्रश्न तुम्हाला शंभरदा तरी विचारला गेला असेल. तू कुठला? साधा प्रश्न, पण तुम्ही क्षणभर अडखळता. आधार कार्डावरचा पत्ता सांगायचा, होस्टेलचा सांगायचा, की दिवाळीला बॅग भरून जिथे जाता ते घर सांगायचं?

गंमत म्हणजे बोटींचंही असंच असतं. मोठ्या बोटीच्या मागच्या अंगाला तिचं नाव आणि त्याखाली एका बंदराचं नाव रंगवलेलं असतं. ते तिचं कागदावरचं गाव. कित्येक बोटींनी ते बंदर आयुष्यात पाहिलेलंही नसतं. पण सफर संपली की बोट जिथे परत येते, जिथे तिची डागडुजी होते, जिथला धक्का तिच्या खलाशांना झोपेतही ओळखता येतो, ते तिचं खरं गाव. त्याला म्हणतात होम पोर्ट.

आज तुम्हाला ज्या माणसाची गोष्ट सांगायची आहे, त्याच्याकडे त्याच्या काळातली सगळ्यात चर्चेतली यॉट होती. पैसा इतका, की भूमध्य समुद्रातलं कुठलंही बंदर त्याला परवडलं असतं. तरीही बोट नक्की कुठे बांधायची, हा प्रश्न त्याला आयुष्यभर पुरला. त्याचं नाव ॲरिस्टॉटल ओनासिस.

जळालेलं बंदर

ओनासिस जन्मला स्मर्ना नावाच्या शहरात. आजच्या तुर्कस्तानातलं इझमीर ते हेच. तेव्हा तिथे ग्रीक, तुर्क, आर्मेनियन, ज्यू असे सगळे शेजारी शेजारी राहायचे. वडील सॉक्रेटिस तंबाखूचे व्यापारी. घरात पैसा होता. आई लहानपणीच गेली, पण बाकी तसं बरं चाललं होतं.

मग १९२२ चा सप्टेंबर आला. ग्रीस आणि तुर्कस्तान यांच्यातलं युद्ध ग्रीस हरला, तुर्की फौज शहरात शिरली आणि काही दिवसांत स्मर्नाला आग लागली. ग्रीक आणि आर्मेनियन वस्त्या जळून खाक झाल्या. डोळ्यांसमोर आणा जरा. मागे पेटलेलं शहर, पुढे समुद्र आणि मधल्या धक्क्यावर लाखो माणसं अडकलेली. समोर पाण्यात परदेशी युद्धनौका उभ्या होत्या, पण सुरुवातीचे कित्येक दिवस त्या नुसत्या उभ्याच राहिल्या.

ओनासिसच्या वडिलांना कैद झाली. नात्यातली माणसं मारली गेली. हा तेव्हा जेमतेम तुमच्या वयाचा, किंबहुना थोडा लहानच. वडील कसेबसे सुटले, कुटुंब ग्रीसला पोहोचलं, पण होतं नव्हतं ते सगळं गेलं होतं. ज्या बंदरात तो लहानाचा मोठा झाला, ते त्याचं बंदर आता उरलं नव्हतं.

रात्रपाळीचा पोरगा

१९२३ मध्ये तो निर्वासितांच्या कागदपत्रांवर अर्जेंटिनाला, ब्युनोस आयर्सला पोहोचला. खिशात नावापुरते पैसे. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये रात्रपाळीची नोकरी मिळाली. दिवसा मोकळा वेळ असायचा, तो त्याने धंद्यात घातला. ग्रीस आणि तुर्कस्तानकडची तंबाखू अर्जेंटिनात आणून विकायची, हा वडिलांच्याच ओळखीचा व्यापार. पंचविशीच्या आसपास तो श्रीमंत झालाही होता.

पुढची झेप मात्र तंबाखूची नव्हती. तिशीच्या दशकात जगभर मंदी होती. मालच नव्हता, मग जहाजांना कोण विचारतो? कॅनडात पडून असलेली जुनी मालवाहू जहाजं ओनासिसने मातीमोल भावात उचलली. लोक विकत होते, तेव्हा याने घेतली. १९३८ मध्ये स्वीडनमध्ये बांधलेला त्याचा पहिला तेलवाहू टँकर पाण्यात उतरला. पंधरा हजार टनांचा. त्या काळी हा आकार ऐकून लोक मान हलवायचे. पण जग कोळशावरून तेलावर चाललंय हे त्याने ओळखलं होतं. १९४६ मध्ये दुसऱ्या एका ग्रीक जहाजमालकाच्या मुलीशी, टीना लिव्हानोसशी त्याने लग्न केलं. अलेक्झांडर आणि क्रिस्टिना ही दोन मुलं झाली.

आता ही काही साधू माणसाची गोष्ट नाही, बरं का. त्याची जहाजं पनामा आणि लायबेरियाच्या झेंड्याखाली चालायची, कारण तिथे कर आणि नियम दोन्ही सैल. महायुद्धानंतर अमेरिकेने विकायला काढलेली सरकारी जहाजं त्याने आडमार्गाने घेतली, म्हणून त्याच्यावर खटला झाला. शेवटी सुमारे ७० लाख डॉलर भरून त्याने तो मिटवला.

म्हणजे बघा, कागदावरचं गाव त्याने नेहमी सोयीनं निवडलं. खऱ्या गावाचा प्रश्न पुढेच होता.

मोनॅकोच का?

१९५१ च्या सुमारास ओनासिसने आपल्या कंपनीचं ऑफिस मोनॅकोला हलवलं. फ्रान्सच्या किनाऱ्याला चिकटलेला हा चिमुकला देश. तेव्हा क्षेत्रफळ दोन चौरस किलोमीटरसुद्धा नव्हतं. एखाद्या विद्यापीठाचा कॅम्पसही याहून मोठा निघेल. मग जेनोआ नाही, मार्सेय नाही, आपल्या लोकांचं पिरेयस नाही, मोनॅकोच का?

यॉटमालक होम पोर्ट निवडताना जे पाहतात, ते सगळं इथे एका जागी होतं. एक, पाणी. मोनॅकोचं हर्क्युल बंदर नैसर्गिकच खोल, त्यामुळे मोठी बोट थेट आत येते. दोन, वारा. दक्षिण फ्रान्समध्ये मिस्त्राल नावाचा थंड, झोडपून काढणारा वारा सुटतो. मोनॅकोच्या पाठीशी आल्प्सचे डोंगर असल्याने तिथे त्याचा जोर बराच कमी असतो. खोट एकच होती. बंदराचं तोंड पूर्वेकडे उघडं, त्यामुळे तिकडून लाटा आल्या की आतल्या बोटी हेलकावे खायच्या. तीन, ये-जा. नीसचा विमानतळ जवळ, रेल्वे दारात. चार, दुरुस्ती. मोठ्या गोद्या एका दिवसाच्या अंतरावर. आणि पाच, सगळ्यात गोड कारण. मोनॅकोत रहिवाशांना प्राप्तिकरच नाही. १८६९ पासून नाही.

पण ऑफिसला जागा हवी होती. त्याची नजर एका रिकाम्या पडलेल्या क्लबच्या इमारतीवर गेली. ती भाड्याने मागितली, मालक कंपनीने नकार दिला. ही कंपनी म्हणजे सोसिएते दे बाँ द मेर. मराठीत सांगायचं तर समुद्रस्नान कंपनी! नाव ऐकून हसू नका. माँटे कार्लोचा प्रसिद्ध कॅसिनो, बडी हॉटेलं, ऑपेरा हाऊस, सगळं हिच्याच मालकीचं. आपण काय केलं असतं? दुसरी जागा शोधली असती. ओनासिसने वेगवेगळ्या कंपन्यांच्या नावांनी गुपचूप शेअर गोळा केले आणि १९५३ मध्ये कंपनीचाच ताबा घेतला. भाड्याची खोली मिळेना, म्हणून सोसायटीच विकत घेण्यासारखं हे!

भंगारातून आलेली राणी

बंदर झालं, आता बोट. कॅनडाच्या नौदलाची स्टॉरमाँट नावाची एक फ्रिगेट होती. अटलांटिकमध्ये काफिल्यांची राखण केलेली, १९४४ च्या नॉर्मंडी मोहिमेत असलेली. युद्ध संपलं आणि तिची गरजही संपली. ओनासिसने १९५४ मध्ये ती सुमारे ३४ हजार डॉलरला, म्हणजे भंगाराच्याच भावात घेतली. मग जर्मनीतल्या कील बंदरात नेऊन तिच्यावर सुमारे ४० लाख डॉलर ओतले.

९९ मीटर लांबीच्या या यॉटला त्याने लेकीचं नाव दिलं, क्रिस्टिना. तिच्यावरच्या पोहण्याच्या तलावाच्या तळाशी मोझेइकचं चित्र होतं आणि बटण दाबलं की तो तळ वर येऊन डान्स फ्लोअर व्हायचा. फायरप्लेस लॅपिस लाझुली या निळ्या खड्याची. बारमध्ये देवमाशाच्या दातांचे हँडल. शिवाय डेकवर पाण्यात उतरू शकणारं विमान.

हर्क्युल बंदरात ती शुभ्र बोट उभी राहिली की माणसं धक्क्यावर गर्दी करायची. विन्स्टन चर्चिल म्हातारपणी तिच्यावरून आठ वेळा सफरीला गेले. १९५९ च्या उन्हाळ्यात माँटे कार्लोहून निघालेल्या अशाच एका सफरीत चर्चिल होते आणि ऑपेरा गायिका मारिया कॅलसही. त्या सफरीनंतर ओनासिसचा आणि कॅलसचा, दोघांचेही संसार मोडले. कॅलस पुढची अनेक वर्षं त्याच्यासोबत होती. लग्न मात्र त्याने तिच्याशी कधीच केलं नाही.

धंदाही जोरात होता. मधल्या काळात सौदी अरेबियाच्या तेलवाहतुकीवरून बड्या तेल कंपन्यांनी त्याच्यावर बहिष्कार टाकला होता. टँकर नुसते उभे. तेवढ्यात १९५६ मध्ये सुएझ कालवा बंद पडला, जगाला एकदम जहाजं हवी झाली आणि रिकामी जहाजं होती ती याच्याकडेच! नशीब म्हणा, दुसरं काय.

राजाशी पंगा

मोनॅकोत मात्र कुरबुर सुरू झाली होती. राजा तिसरा रेनिए सुरुवातीला त्याच्यावर खूश होता. १९५६ मध्ये रेनिएने हॉलिवूडची नटी ग्रेस केलीशी लग्न केलं आणि जगाचे कॅमेरे मोनॅकोकडे वळले. राजाला आता नवी हॉटेलं हवी होती, जास्त पर्यटक हवे होते, देश नुसत्या कॅसिनोवर चालायला नको होता. ओनासिसला मोनॅको आहे तसंच हवं होतं. मोजक्या श्रीमंतांचं, निवांत. नव्या बांधकामात पैसा घालायला तो तयार नव्हता.

खरं सांगायचं तर इथे राजाचं म्हणणं काही चुकीचं नव्हतं. त्याला देश चालवायचा होता. ओनासिसला फक्त बोट बांधायची होती.

वर्षानुवर्षं ताणाताणी चालली. शेवटी १९६६ मध्ये मोनॅकोने कायदा केला. समुद्रस्नान कंपनीचे सहा लाख नवे शेअर काढायचे आणि ते सरकारने घ्यायचे. झालं! ओनासिसचा एकही शेअर कुणी हिसकावला नाही, तरी एका फटक्यात त्याचं बहुमत गेलं. तो मोनॅकोच्या सर्वोच्च न्यायालयात गेला आणि हरला. १९६७ मध्ये सुमारे एक कोटी डॉलर घेऊन त्याने आपला हिस्सा सोडला आणि क्रिस्टिनाने मोनॅकोचा धक्का सोडला.

खोल पाणी, वारा, कर, विमानतळ, सगळं त्याने नीट तपासलं होतं. पण ज्या गावात राहायचं तिथल्या माणसांना नेमकं काय हवंय, हे त्याच्या यादीत नव्हतं.

स्वतःचं बेट

त्याने दुसरी सोय आधीच करून ठेवली होती. १९६३ मध्ये ग्रीसच्या पश्चिमेला, आयोनियन समुद्रात लेफ्कादाजवळचं स्कॉर्पिओस हे बेट त्याने विकत घेतलं होतं. निर्जन, झुडपांनी भरलेलं. तिथे त्याने झाडं लावली, रस्ते केले, धक्का बांधला. इथे राजा नाही, शेअर नाहीत, नकार देणारा मालक नाही. २० ऑक्टोबर १९६८ ला याच बेटावरच्या छोट्या चॅपेलमध्ये त्याने अमेरिकेचे दिवंगत अध्यक्ष केनेडी यांच्या पत्नीशी, जॅकलिनशी लग्न केलं. साऱ्या जगाचे पत्रकार होड्या घेऊन बेटाभोवती घिरट्या घालत होते.

वाटलं असेल, सापडलं बाबा एकदाचं गाव. पण १९७३ च्या जानेवारीत अथेन्सच्या विमानतळावर एक छोटं विमान उड्डाण करताच कोसळलं. पाण्यात उतरणारं तसलंच विमान, क्रिस्टिनाच्या दिमतीतलं. आत मुलगा अलेक्झांडर होता. २४ वर्षांचा. दुसऱ्या दिवशी तो गेला. त्याला स्कॉर्पिओसवर पुरलं.

त्यानंतर ओनासिस खचलाच. दोन वर्षांनी, १५ मार्च १९७५ ला पॅरिसजवळच्या इस्पितळात त्याने प्राण सोडला. त्यालाही मुलाशेजारीच मातीत ठेवलं. तेरा वर्षांनी लेक क्रिस्टिनाही तिथेच विसावली.

बोटीचं काय झालं? लेकीने ती ग्रीक सरकारला देऊन टाकली. तिथे ती कित्येक वर्षं दुर्लक्षित पडून राहिली. १९९८ मध्ये एका ग्रीक जहाजमालकाने ती घेऊन पुन्हा उभी केली. आता ती क्रिस्टिना ओ या नावाने भाड्याने मिळते. ज्याने आठवड्याचे पैसे भरले, त्याची आठवडाभर. बेटही २०१३ मध्ये घराण्याच्या हातातून दुसऱ्या श्रीमंतांकडे गेलं.

एक गोष्ट मात्र टिकली. मुलाच्या नावाने संस्था काढायची असं ओनासिसने मृत्युपत्रात लिहून ठेवलं होतं. त्या संस्थेच्या शिष्यवृत्त्यांवर आजही मुलं शिकतात. घरापासून लांब, परक्या शहरांत, तुमच्यासारखीच.

तेव्हा उद्या कॉलेज, नोकरी किंवा शहर निवडताना यादी जरूर करा. पॅकेज किती, भाडं किती, स्टेशन किती लांब, सगळं लिहा. फक्त त्या यादीत आणखी एक ओळ घाला. तिथल्या माणसांना आपण हवे आहोत का, आणि आपल्याला ती माणसं हवी आहेत का? ओनासिसने बंदर भाड्याने मागून पाहिलं, विकत घेऊन पाहिलं, स्वतःचं बांधूनही पाहिलं. या एका ओळीचं उत्तर मात्र त्याला कुठल्याच धक्क्यावर विकत मिळालं नाही.