चार्ल्स डार्विन : बागेतल्या ऐकीव गोष्टी तपासून पाहणारा माणूस

कुंडीच्या तळाशी खडे घातले की पाण्याचा निचरा चांगला होतो. झाडाजवळ गाणी लावली की झाड जोमाने वाढते. कुंडीत चार गांडुळे सोडली की खताची गरज उरत नाही. परसबाग करणाऱ्या प्रत्येकाने असे सल्ले ऐकलेले असतात. त्यातले काही खरे असतात, काही अर्धवट खरे, तर काही साफ चुकीचे. अडचण अशी, की चुकीचा सल्लाही तितक्याच खात्रीने दिला जातो. त्यावर विसंबून आपला पैसा जातो आणि कधी कधी अख्खा हंगाम हातचा जातो.

खरे-खोटे कसे ओळखायचे, याचा धडा चार्ल्स डार्विन यांच्या आयुष्यातून मिळतो. उत्क्रांतीचा सिद्धांत मांडणारे शास्त्रज्ञ म्हणून तुम्ही त्यांना ओळखता. मात्र आयुष्यातली जवळजवळ चाळीस वर्षे ते एका खेड्यात राहिले आणि कुंड्या, वाफे, काचगृह व कुरण यांतच प्रयोग करत राहिले, हे फारसे सांगितले जात नाही.

मामांच्या शेतातला थर

डार्विन यांचा जन्म १२ फेब्रुवारी १८०९ रोजी इंग्लंडमधील श्रुसबरी येथे झाला. वडील नामांकित डॉक्टर होते. चार्ल्स आठ वर्षांचे असताना आई वारली. वडिलांच्या इच्छेनुसार ते एडिंबराला वैद्यकीय शिक्षणासाठी गेले, पण शस्त्रक्रिया पाहवेनात म्हणून शिक्षण सोडून केंब्रिजला आले. डिसेंबर १८३१ मध्ये ते बीगल या जहाजावर चढले आणि जगप्रदक्षिणा करून ऑक्टोबर १८३६ मध्ये परतले.

पुढच्याच वर्षी ते मामांकडे, स्टॅफर्डशायरमधील मेअर येथे गेले. मामा जोसाया वेजवूड यांनी त्यांना आपले एक कुरण दाखवले. काही वर्षांपूर्वी त्या कुरणावर चुना आणि जळक्या कोळशाचे तुकडे पसरले होते. जमीन नांगरली नव्हती, तरी ते सगळे आता गवताखाली काही इंच खोल गेले होते. गांडुळे खालची माती वर आणून टाकतात आणि त्या मातीखाली हे थर गाडले जातात, असा मामांचा अंदाज होता. डार्विन यांनी ठिकठिकाणी खड्डे घेऊन थरांची खोली मोजली आणि नोव्हेंबर १८३७ मध्ये लंडनच्या भूगर्भशास्त्र संस्थेपुढे यावर निबंध वाचला. जानेवारी १८३९ मध्ये याच मामांची मुलगी एमा हिच्याशी त्यांचे लग्न झाले.

डाउनचे घर आणि बाग

१८४२ मध्ये हे कुटुंब केंट परगण्यातील डाउन या गावी राहायला आले. घराभोवती सुमारे १८ एकर जमीन होती आणि त्यात बहुतेक गवताचे कुरण होते. डार्विन यांची तब्येत कायम नाजूक असे. उलट्या आणि थकवा यांनी ते हैराण होत. त्यामुळे दूरचा प्रवास जवळपास संपला आणि हीच बाग त्यांची प्रयोगशाळा झाली.

त्यांचे प्रयोग साधे, पण काटेकोर असत. एकदा त्यांनी तीन फूट लांब व दोन फूट रुंद जागा खणून स्वच्छ केली. तिथे उगवणाऱ्या तणाच्या प्रत्येक रोपावर खूण केली. एकूण ३५७ रोपे उगवली आणि त्यांतली २९५ नष्ट झाली. बहुतेक रोपे बिनशंखाच्या गोगलगायींनी आणि किडींनी खाल्ली होती. बी पेरूनही रोप दिसले नाही तर आपण बियाण्याला दोष देतो. कोवळी रोपे रात्रीत किती खाल्ली जातात, हे मात्र मोजल्याशिवाय कळत नाही.

समुद्राच्या पाण्यात बी टिकत नाही, असा तेव्हा समज होता. डार्विन यांनी ८७ प्रकारचे बी खाऱ्या पाण्यात ठेवले. २८ दिवसांनंतरही त्यांपैकी ६४ प्रकारांचे बी उगवले. अशा प्रयोगांची माहिती ते माळीकामाच्या गार्डनर्स क्रॉनिकल या साप्ताहिकात देत आणि वाचकांनाही त्यांचे अनुभव विचारत.

आणखी एक प्रयोग पांढऱ्या क्लोव्हरवरचा. हे आपल्या बरसीमच्या वंशातले चारापीक आहे. मधमाश्यांना मोकळ्या असलेल्या २० फुलगुच्छांतून त्यांना २,२९० बिया मिळाल्या. झाकून ठेवलेल्या २० गुच्छांतून एकही मिळाली नाही. बी धरण्यात मधमाश्यांचा वाटा किती, हे या दोन आकड्यांतच दिसते.

उलट्या बाजूला लागलेले दाणे

ऐकीव गोष्ट कशी पसरते, याचा एक किस्सा डार्विन यांनी आत्मचरित्रात सांगितला आहे. एका गृहस्थांनी त्यांना पत्राने कळवले, की यंदा सगळीकडे बाकल्याच्या शेंगेत दाणे नेहमीच्या बाजूला न लागता उलट्या बाजूला लागले आहेत. बाकला हे घेवड्यासारखे शेंगांचे पीक. डार्विन यांनी नेमके काय दिसले ते विचारले, पण बराच काळ उत्तर आले नाही. मधल्या काळात दोन वर्तमानपत्रांनीही ही बातमी छापली.

मग त्यांनी आपल्या म्हाताऱ्या माळ्याला विचारले. तो म्हणाला, की यात काहीतरी चूक आहे, कारण दाणे उलटे फक्त लीप वर्षात लागतात आणि हे लीप वर्ष नाही. मग नेहमीच्या वर्षी ते कोणत्या बाजूला असतात आणि लीप वर्षात कोणत्या, असे विचारल्यावर माळ्याला काहीच सांगता येईना. तरी तो आपल्या म्हणण्यावर ठाम राहिला.

अखेर पत्र पाठवणाऱ्या गृहस्थांनी माफी मागितली. ही गोष्ट त्यांनी अनेक समजदार शेतकऱ्यांकडून ऐकली होती. प्रत्येकाला पुन्हा गाठून विचारले, तेव्हा आपण काय बोललो याचा अर्थ त्यांच्यापैकी एकालाही सांगता आला नाही. 

तुम्हाला कोणी बागेचा सल्ला दिला, तर हाच प्रश्न विचारा. हे तुम्ही स्वतः पाहिले का? आणि तो उपाय केला नसता तर काय झाले असते, हेही पाहिले का?

जिथे तपासायला जोडी नव्हती

डार्विनही भरवसा ठेवण्यात घाई करत. १८४९ मध्ये ते मॉल्व्हर्न येथे थंड पाण्याच्या उपचारांसाठी गेले. ओल्या चादरी गुंडाळणे, थंड पाण्याने अंग घासणे असे ते उपचार होते. त्यांना बरे वाटले आणि या उपचारांवर विश्वास बसला. घरीही त्यांनी ते चालू ठेवले आणि काही वर्षे आपल्या तब्येतीची रोज नोंद केली. पण नोंदी एकाच माणसाच्या होत्या. उपचार न घेतलेला दुसरा डार्विन शेजारी नव्हता. बरे वाटले ते पाण्याने की विश्रांतीने, हे ठरवायला काही मार्ग नव्हता.

१८५१ मध्ये त्यांची लाडकी मुलगी अ‍ॅनी आजारी पडली. त्यांनी तिला त्याच डॉक्टरांकडे मॉल्व्हर्नला नेले. २३ एप्रिल रोजी, दहा वर्षांची असताना ती गेली. त्या काळी तिला वाचवणारा उपचार बहुधा कोणाकडेच नव्हता. डार्विन यांना हे दुःख जन्मभर पुरले.

जोडीने लावलेली रोपे

बागेत मात्र जोडी लावता येत होती. आपल्याच परागाने धरलेले बी आणि दुसऱ्या झाडाच्या परागाने धरलेले बी यांत काही फरक पडतो का, हे पाहण्यात डार्विन यांनी अकरा वर्षे घालवली. दोन्ही प्रकारचे बी ते ओल्या वाळूत रुजवत. एकाच वेळी अंकुरलेल्या बियांची जोडी एकाच कुंडीत समोरासमोर लावत. त्यामुळे माती, पाणी आणि ऊन दोघांना सारखेच मिळे.

रताळ्याच्या वंशातील मॉर्निंग ग्लोरीवर त्यांनी हा प्रयोग दहा पिढ्या केला. परपरागित रोपांची उंची १०० धरली, तर स्वपरागित रोपांची सरासरी ७७ भरली. सहाव्या पिढीत मात्र एका स्वपरागित रोपाने आपल्या जोडीदाराला अर्ध्या इंचाने मागे टाकले. डार्विन यांनी ते रोप लपवले नाही. त्याला हिरो असे नाव दिले आणि त्याच्या पुढच्या पिढ्याही वाढवून पाहिल्या. आपल्या मताविरुद्धची गोष्ट दिसली की ती लगेच लिहून ठेवायची, कारण नेमकी तीच मनातून लवकर निसटते, असा त्यांचा नियम होता. १८७६ मध्ये हे सारे पुस्तकरूपाने आले.

त्यात मक्याच्या १५ जोड्याही होत्या. त्यांपैकी १३ जोड्यांत परपरागित रोप उंच निघाले. पुढे संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी १९३५ च्या आपल्या पुस्तकात हेच आकडे उदाहरण म्हणून घेतले. जोडीची कल्पना उत्तम होती, पण कोणते रोप कुठे लावायचे हे चिठ्ठी टाकून ठरवायला हवे होते, हा त्यांचा मुद्दा होता. आज कृषी विद्यापीठांच्या चाचण्यांत वाफ्यांची मांडणी याच तत्त्वाने केली जाते.

गांडुळांकडे परत

हिरवळीवर मातीच्या गोळ्या टाकून ती खराब करणारा जीव, म्हणून त्या काळचे अनेक माळी गांडुळावर चिडून असत. १८६९ मध्ये गार्डनर्स क्रॉनिकलमध्ये एकाने लिहिले, की एवढ्या लहान आणि दुबळ्या जिवाकडून इतके मोठे काम होणे शक्य नाही. डार्विन यांच्याजवळ मात्र उत्तराची तयारी आधीच झाली होती. २० डिसेंबर १८४२ रोजी त्यांनी घराजवळच्या कुरणाच्या एका भागावर खडूचे तुकडे पसरून ठेवले होते. २९ वर्षांनी, नोव्हेंबर १८७१ मध्ये, तिथे चर खणला. पांढऱ्या तुकड्यांची ओळ सात इंच, म्हणजे सुमारे १८ सेंटिमीटर खोल सापडली.

म्हातारपणी त्यांनी गांडुळे कुंड्यांत भरून अभ्यासिकेत ठेवली. शिट्टी वाजवली, पियानो वाजवला, मुलगा फ्रान्सिसने बासून हे फुंकवाद्य वाजवले. गांडुळांनी दखल घेतली नाही. कुंडी थेट पियानोवर ठेवून स्वर वाजवताच ती बिळात पळाली. गांडुळांना आवाज ऐकू येत नव्हता, कंप मात्र जाणवत होता. डार्विन यांनी फ्रान्सिसला एकदा एका झाडाजवळही बासून वाजवायला लावले होते. अशा उद्योगांना ते गमतीने वेड्याचे प्रयोग म्हणत. लोक हसतील म्हणून एखादी गोष्ट तपासायचीच नाही, हे त्यांना मान्य नव्हते.

गांडुळांनी वर टाकलेली माती गोळा करून तिचे वजन केले गेले. त्यावरून इंग्लंडच्या अनेक भागांत दर एकरी दरवर्षी दहा टनांहून जास्त कोरडी माती गांडुळांच्या शरीरातून जाते, असा हिशोब निघाला. ऑक्टोबर १८८१ मध्ये त्यांचे गांडुळांवरचे पुस्तक आले आणि हातोहात खपले. सहा महिन्यांनी, १९ एप्रिल १८८२ रोजी, डाउनच्या घरीच त्यांचे निधन झाले. मामांचे कुरण पाहिल्याला तेव्हा जवळजवळ ४५ वर्षे झाली होती.

तुमच्या परसबागेत हे कसे कराल?

डार्विन यांचे आकडे इंग्लंडच्या ओलसर कुरणांचे आहेत, ते जसेच्या तसे आपल्या शेताला लावू नका. गांडूळखताच्या बेडमधली आयसेनिया फेटिडा ही जातही वेगळी आहे. ती कुजणाऱ्या सेंद्रिय पदार्थात राहते, जमीन खोलवर पोखरत नाही. पालापाचोळा किंवा शेणखत नसलेल्या कुंडीत ती सोडली, तर तिला खायलाच काही मिळत नाही.

आकडे नाही, पण त्यांची रीत उचला. सुरुवातीलाच सांगितलेला कुंडीतल्या खड्यांचा सल्ला घ्या. बारीक मातीतले पाणी जाड खड्यांच्या थरात सहज उतरत नाही, असे मृदाशास्त्र सांगते. मग तुमच्या मातीत काय होते, ते असे पाहा :

* एकाच मापाच्या बारा कुंड्या घ्या. सहांमध्ये तळाशी खडे घाला, सहांमध्ये घालू नका. बाकी माती, खत आणि रोपाचे वय सारखे ठेवा.
* कोणत्या कुंडीत खडे घालायचे आणि कोणती कुंडी कुठे ठेवायची, ते चिठ्ठी टाकून ठरवा. नाहीतर आवडत्या उपायाला नकळत चांगली जागा दिली जाते.
* सगळ्यांना मोजून सारखे पाणी द्या. खालून किती पाणी निघाले ते मोजा. रोपांची उंची दर आठवड्याला लिहा.
* एकाच वेळी एकच बदल करा. खडेही घातले आणि खतही बदलले, तर फरक कशाने पडला ते कळणार नाही.
* मेलेली आणि खुरटलेली रोपेही वहीत नोंदवा. त्यांना वगळले तर निष्कर्ष फसवा निघतो.
* एका कुंडीवरून निष्कर्ष काढू नका आणि जमल्यास पुढच्या हंगामात प्रयोग पुन्हा करा.

फरक दिसला नाही, तरी प्रयोग वाया गेला असे समजू नका. त्या उपायावरचा खर्च आणि मेहनत पुढच्या वर्षीपासून वाचेल. शेजाऱ्याने तोच सल्ला पुन्हा दिला, तर त्याच्याशी वाद घालू नका. वही दाखवा, आणि त्यालाही बारा कुंड्या लावायला सांगा.