पॅरिस सोडून आलेल्या अमृता शेरगिलला तिची वाट अजिंठ्याच्या लेण्यांत सापडली

१९३४ साल. पॅरिसमध्ये २१ वर्षांच्या एका मुलीनं स्वतःचं एक चित्र काढलं. कमरेपर्यंत उघडं सावळं अंग, पोटावर एकमेकांवर ठेवलेले हात, पाठीवर सोडलेले लांब केस आणि नजर बाजूला कुठेतरी लागलेली. मागे एका पुरुषाची गडद सावली. चित्राचं नाव होतं, ताहिती बाईच्या रूपातलं आत्मचित्र.

आता गंमत अशी की ही मुलगी ताहितीला कधी गेलीच नव्हती.

ताहितीला गेला होता पॉल गोगँ हा फ्रेंच चित्रकार, तिच्या जन्माच्याही आधी. त्या बेटावरच्या बायकांची त्यानं काढलेली चित्रं पॅरिसमध्ये गाजत होती. त्या चित्रांत दुसऱ्या कुणीतरी रंगवलेली, गप्प बसलेली सावळी बाई असायची. इथे ती बाईच ब्रश हातात घेऊन बसली होती.

ही मुलगी म्हणजे अमृता शेरगिल. तिच्यावर गोगँची छाप आहे असं तेव्हाही बोललं जायचं, आजही बोललं जातं. ते खोटं नाही. पण जुन्या चित्राची नक्कल करणं वेगळं आणि त्यातलं काहीतरी उचलून स्वतःचं करणं वेगळं. हा फरक कळायला अमृताच्या आयुष्याइतकं चांगलं उदाहरण शोधून सापडणार नाही. आणि या गोष्टीत आपल्या महाराष्ट्राचा वाटा बराच मोठा आहे.

तर सुरुवातीपासून बघू.

अमृताचा जन्म ३० जानेवारी १९१३ चा, हंगेरीतल्या बुडापेस्ट शहरातला. वडील उमरावसिंग शेरगिल पंजाबच्या मजिठिया घराण्यातले सरदार. संस्कृत आणि फारसीचे अभ्यासक, आणि फोटोग्राफीचं जबरदस्त वेड. आई मारी आंत्वानेत हंगेरियन, गाणारी. पुढच्याच वर्षी धाकटी बहीण इंदिरा जन्मली. पहिल्या महायुद्धात हे कुटुंब हंगेरीतच अडकलं आणि १९२१ मध्ये भारतात येऊन शिमल्यात राहू लागलं.

पोरगी लहानपणापासून चित्रं काढायची आणि लहानपणापासूनच कुणाचं ऐकायची नाही. कॉन्व्हेंट शाळेत देव मानत नाही असं सांगून टाकलं, शाळेनं काढून टाकलं. मामा एर्विन बाक्ताई भारतविद्येचे अभ्यासक होते. त्यांनी भाचीला सल्ला दिला, मनानं चित्रं काढू नकोस, समोर माणूस बसव आणि त्याला बघून काढ. घरातले नोकरचाकर तिचे पहिले मॉडेल झाले.

१९२९ मध्ये सगळं कुटुंब पोरींच्या शिक्षणासाठी पॅरिसला गेलं. तिथे अमृता एकोल दे बोझार या नावाजलेल्या कलाशाळेत ल्युसिएं सिमाँ यांच्या हाताखाली शिकली. तैलरंग, माणसाच्या शरीराचा अभ्यास, प्रकाश आणि सावली, सगळं रीतसर. १९३२ चं तिचं ‘यंग गर्ल्स’ हे चित्र इतकं गाजलं की १९३३ मध्ये ग्रँड सलोनं तिला असोसिएट म्हणून निवडलं. विशीतल्या भारतीय मुलीसाठी ही लहान गोष्ट नव्हती.

म्हणजे पॅरिसमध्ये बस्तान बसलेलं होतं. तरी तिला भारतात परत यायचं होतं. वेड लागल्यासारखं यायचं होतं. युरोपातली संग्रहालयं बघता बघताच भारतीय चित्र आणि शिल्प किती थोर आहे हे तिला उमगलं होतं. अजिंठ्याचा एखादा तुकडासुद्धा आपल्याला अख्ख्या रेनेसाँपेक्षा मोलाचा वाटतो, अशा अर्थाचं तिनं घरी कळवलं. त्यावेळी तिनं अजिंठा डोळ्यांनी पाहिलेलासुद्धा नव्हता!

१९३४ च्या अखेरीस ती परतली. १९३५ मध्ये ‘मदर इंडिया’, ‘हिल मेन’, ‘हिल विमेन’, ‘थ्री गर्ल्स’ अशी चित्रं एकामागोमाग आली. गरीब, गप्प, कुठेतरी हरवलेली माणसं. त्याच वर्षी शिमल्याच्या कला संस्थेनं तिनं पाठवलेल्या दहापैकी पाच चित्रं नाकारली आणि उरलेल्यांतल्या एकाला बक्षीस दिलं. अमृतानं बक्षीस परत केलं.

पण या चित्रांत एक अडचण होती. माणसं भारतीय होती, त्यांना बघायची पद्धत अजून पॅरिसची होती. ‘थ्री गर्ल्स’ समोर ठेवून बघा. तीन मुली बसल्यात, ओढण्यांचे रंग सपाट आणि भारदस्त, चेहऱ्यांवर एक दबलेली वाट पाहणं. चित्र सुंदरच आहे, पण त्यात गोगँ सहज ओळखू येतो.

१९३६ च्या नोव्हेंबरात ती चित्रं घेऊन मुंबईला आली. ताज महाल हॉटेलात प्रदर्शन होतं. तिथे तिची ओळख कार्ल खंडालावाला यांच्याशी झाली. पेशानं वकील, आणि भारतीय लघुचित्रांचे मोठे जाणकार. बशोली आणि पहाडी शैलीची चित्रं अमृतानं त्यांच्यामुळे नीट पाहिली. चित्रं विकली गेली का याच्यापेक्षा या मुंबई भेटीतली ही ओळख जास्त मोलाची ठरली.

मुंबईहून ती गेली अजिंठ्याला.

तेव्हा अजिंठा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. या चित्रांची नक्कल करण्याचा उद्योग तोवर ९० वर्षं चालू होता. आधी मेजर रॉबर्ट गिल वर्षानुवर्षं तिथे राहून नकला करत राहिला. त्यातल्या बहुतेक १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. मग जॉन ग्रिफिथ्स आणि मुंबईच्या जेजेचे विद्यार्थी १८७२ पासून १८८५ पर्यंत राबले, त्यांचीही बरीच चित्रं लंडनमध्येच जळाली. (नशीब म्हणतात ते हेच.) त्यानंतर लेडी हेरिंगहॅम यांच्यासोबत नंदलाल बोस आणि बंगालचे तरुण चित्रकार आले. बंगाल शैलीनं अजिंठ्याची लवचिक रेषा, अर्धमिटले डोळे, नाजूक बोटं उचलली आणि पौराणिक प्रसंगांची हळवी, धूसर चित्रं काढली.

अमृताला ती शैली अजिबात पटत नव्हती आणि ती हे तोंडावर सांगायची. तिच्या मते अजिंठा हळवा नव्हताच, दणकट होता.

आणि खरंच आहे. १७ नंबरच्या लेण्यात आरसा हातात धरून शृंगार करणारी राजकन्या आहे, बाजूला दासी आहेत. माणसं दाटीनं उभी असूनही गर्दी वाटत नाही. सावळं, गव्हाळ, गोरं अंग शेजारी शेजारी ठेवून चित्रकारानं चित्राचा तोल साधलाय. गेरू, पिवळी माती, हिरवा दगड, चुना, काजळी, एवढ्या मोजक्या सामग्रीत बहुतेक काम. उजेड एका बाजूनं पडलाय असं दाखवायची धडपड नाही. माणसाचं वजन रंगातूनच जाणवतं.

तिथून ती हैदराबाद, त्रावणकोर, कोचीन करत दक्षिणेत उतरली. हैदराबादेत नवाब सालारजंगांनी चित्रं पाहिली आणि न घेताच परत केली. कोचीनच्या मट्टनचेरी राजवाड्यातली भित्तिचित्रं तिनं तासन्तास बघितली. मग शिमल्याला परतली आणि १९३७ मध्ये तीन मोठी चित्रं काढली.

पहिलं ‘ब्राइड्स टॉयलेट’. नवरीची वेणीफणी चाललीय. मध्ये बसलेली फिकट रंगाची नवरी, मेंदीनं रंगलेले तळवे, आजूबाजूला सावळ्या बायका आणि पोरं. १७ नंबरच्या लेण्यातली राजकन्या आठवते की नाही? पण इथे राजवाडा नाही, दागिन्यांचा थाट नाही, आणि नवरीच्या तोंडावर आनंदही नाही. दुसरं ‘ब्रह्मचारीज’, पांढरी धोतरं नेसून ओळीनं बसलेली पाच पोरं. तिसरं बाजाराला निघालेल्या दक्षिणेतल्या गावकऱ्यांचं.

अजिंठ्यातली एकही आकृती तिनं जशीच्या तशी उतरवली नाही. तिनं घेतली ती माणसं मांडायची रीत, सपाट रंगांतून वजन आणायची रीत आणि एका अंगाच्या रंगाला दुसऱ्यानं तोलायची रीत. तीही भिंतीवर नाही, कॅनव्हासवर, पॅरिसमध्ये शिकलेल्या तैलरंगात. त्याच वर्षी बॉम्बे आर्ट सोसायटीनं ‘थ्री गर्ल्स’ला सुवर्णपदक दिलं. जुन्या वाटेवरच्या चित्राचं कौतुक झालं तेव्हा ती पुढे निघून गेली होती.

मग गोगँचं काय? इथे एक भारी गोष्ट आहे. गोगँकडे जावातल्या बोरोबुदूर स्तूपाच्या शिल्पांचे फोटो होते, आणि ताहितीतल्या चित्रांत बायकांच्या उभं राहण्याच्या ढबी त्यानं त्या शिल्पांवरून घेतल्या होत्या. बोरोबुदूरच्या शिल्पांचं मूळ भारतातल्या गुप्तकाळातल्या कलेत जातं, आणि अजिंठ्याची उत्तम चित्रं त्याच सुमाराची. म्हणजे पॅरिसमध्ये अमृताला गोगँमध्ये जे ओळखीचं वाटलं, ते फिरून फिरून अजिंठ्याच्याच घरचं होतं.

१९३८ मध्ये हंगेरीला जाऊन तिनं डॉ. व्हिक्टर एगनशी लग्न केलं. तो तिचा मावसभाऊ. १९३९ मध्ये दोघं भारतात आले आणि गोरखपूरजवळ सराया इथे, शेरगिल कुटुंबाच्या साखर कारखान्याच्या गावात राहू लागले. इथे तिची चित्रं पुन्हा बदलली. आकार लहान झाला, रंग भडक झाले, लघुचित्रांतल्यासारखी माणसं अंगणात बसू लागली. खाटेवर पडलेली बाई, झोपाळा, गोष्ट सांगणारा म्हातारा. विक्री मात्र फारशी होत नव्हती, पैशाची ओढाताण होती आणि सरायात तिचा जीव रमत नव्हता.

१९४१ च्या सप्टेंबरमध्ये दोघं लाहोरला गेले. डिसेंबरात मोठं प्रदर्शन ठरलं होतं. त्याच्या काही दिवस आधी ती अचानक आजारी पडली आणि ५ डिसेंबरच्या रात्री गेली. वय २८. मृत्यूचं कारण कधीच स्पष्ट झालं नाही. आईनं जावयावर आरोप केले. त्यातच त्याच सुमाराला ब्रिटननं हंगेरीविरुद्ध युद्ध पुकारलं आणि व्हिक्टरला शत्रू देशाचा नागरिक म्हणून अटक झाली. घराच्या गच्चीवरून दिसणारी घरं आणि म्हशी, एवढं एक चित्र अर्धवट राहिलं.

तिची बरीचशी चित्रं आज दिल्लीच्या नॅशनल गॅलरी ऑफ मॉडर्न आर्टमध्ये आहेत. १९७६ मध्ये सरकारनं तिच्या चित्रांना राष्ट्रीय कलासंपत्तीचा दर्जा दिला, त्यामुळे ती देशाबाहेर विकता येत नाहीत. २०२३ मध्ये ‘द स्टोरी टेलर’ हे १९३७ चं चित्र ६१.८ कोटी रुपयांना गेलं. तोवर कोणत्याही भारतीय चित्राला लिलावात एवढी किंमत मिळाली नव्हती.

आणि जी जुन्या उस्तादांकडून घेत होती, तिच्याकडून घेणारेही पुढे आले. त्यातला एक घरचाच. बहीण इंदिराचा मुलगा, चित्रकार विवान सुंदरम. २००१ च्या सुमारास त्यानं आजोबा उमरावसिंगांनी काढलेले घरातले जुने फोटो घेतले, अमृताची चित्रं घेतली आणि कॉम्प्युटरवर ती एकमेकांत मिसळली. ‘री-टेक ऑफ अमृता’ असं या मालिकेचं नाव. वेगवेगळ्या वर्षांतले, वेगवेगळ्या शहरांतले फोटो एका चौकटीत आले. विवाननं मावशीला कधी पाहिलं नव्हतं. ती गेली त्यानंतर सुमारे दीड वर्षानं त्याचा जन्म झाला.